दहावं धुणं

पोटाचं ऑपरेशन एकाच भोकातून करता यावं म्हणून जी वाकणारी हत्यारं लागतात, ती मी बनवतो. बोईसरला, तारापूर एमआयडीसीत माझा गाळा आहे. आणि माझ्या स्वतःच्या पोटावर चार भोकांच्या खुणा आहेत. हळदीच्या कार्यक्रमात, समुद्रावर, कुठेही सदरा काढला की ओळखीचं कुणीतरी हसतंच. "काय शेठ, स्वतःचा माल स्वतःला चालला नाही?"

या चार खुणांना एक बाई जबाबदार आहे. पालघरच्या एका लहान हॉस्पिटलात त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. आता निवृत्त होऊन सातपाटीला घरी असतात. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो का गेला नाही हे सांगायचं तर आधी त्यांच्या नाकाबद्दल सांगावं लागेल.

नाक दिसायला साधंच होतं, बारीक, डाव्या बाजूला एक खडा. पण हॉस्पिटलात जी वस्तू यायची ती आधी त्या नाकाखालून जायची. हातमोज्यांचा खोका उघडला की हुंगायच्या. कपाटातली चादर हुंगायच्या. डॉक्टरांचा चहा आला की कप उचलून हुंगायच्या आणि "दूध सकालचं नाय" म्हणून परत पाठवायच्या. डॉक्टर बिचारे रिकाम्या हाताने बसून राहायचे. एकदा धोब्याकडून धुऊन आलेल्या हिरव्या गाऊनचं आख्खं गाठोडं त्यांनी दारातूनच परत केलं. धोबी शपथा घ्यायला लागला. बाकी कुणालाही कसलाच वास येत नव्हता. सिस्टरनी त्याला एवढंच विचारलं, "दांडीला कोन राहतं तुझं?" धोब्याचं तोंड पडलं. मशीन बिघडलं म्हणून त्याने गाऊन दांडी गावात मेहुण्याच्या अंगणात वाळत घातले होते आणि शेजारी बोंबील सुकवायची वलांडण होती.

हे नाक त्या जपायच्या, गवई गळा जपतो तसं. ड्युटीच्या दिवशी पावडर नाही, केसाला तेल नाही, गजरा नाही. दुसऱ्या नर्सने गजरा घातला तर तो थिएटरच्या बाहेर खिळ्याला लटकायचा. सातपाटीत जन्म गेलेल्या या बाई ड्युटीच्या दिवशी सकाळी मासळीला शिवायच्या नाहीत. भाकरी आणि गूळ खाऊन एसटी पकडायच्या. रविवारी मात्र दोन दिवसांची मासळी एका दिवसात खायच्या आणि मोगऱ्याचा एवढा मोठा गजरा माळायच्या की पहिल्यांदा बाजारात तशा दिसल्या तेव्हा मी ओळखलंच नाही.

थिएटरमधल्या हत्यारांना त्यांनी मासळीची नावं दिली होती. रक्तवाहिनी धरायचा जो अगदी लहान चिमटा असतो तो मांदेली. लांब, चपट्या तोंडाचा तो वाकटी. शहरातून नवा डॉक्टर आला की पहिला महिना इंग्रजी नाव घेऊन मागायचा, सिस्टर हातात ठेवताना म्हणायच्या, "मांदेली." दुसऱ्या महिन्यात तोच ओरडायचा, "सिस्टर, मांदेली द्या लवकर!" असा एक डॉक्टर इथून मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेला आणि तिथे भर ऑपरेशनमध्ये त्याने मांदेली मागितली, असं सांगतात. खरं असावं.

माणसांनाही त्या नावाने हाक मारायच्या नाहीत, गावाने मारायच्या. मी मासवणचा. आमची तिथे वरकस जमीन, पावसाचं पाणी येईल तेवढंच पीक. मी बोईसरला आलो तो लेथच्या खाली पडलेला कीस झाडायला. तिथून स्वतःचा गाळा उभा केला, तोही कुणाचा हात न धरता. तर माझ्यासारख्या माणसाला, चार लोक शेठ म्हणतात त्याला, ही बाई वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारायची: "ए मासवण, आज काय आनलं?"

पहिली काही वर्षं मी हॉस्पिटलांच्या कात्र्या आणि चिमटे दुरुस्त करत होतो. तिथूनच डॉक्टरांची ओळख. डॉक्टर म्हणजे या हॉस्पिटलाचे मालक आणि सर्जन, मऊ बोलणारा माणूस. एक दिवस त्यांनी कागदावर पोट काढलं. म्हणाले, पित्ताची पिशवी काढायला आपण चार भोकं पाडतो आणि चार सरळ दांडे घालतो. ते सगळं बेंबीतल्या एकाच भोकातून करता येतं. पण दोन माणसं काठ्या घेऊन एकाच दारातून शिरली तर काठ्या आपटणारच. म्हणून दांडा आत गेल्यावर त्याचं टोक वळलं पाहिजे, मनगट वळतं तसं.

"असं हत्यार मिळत नाही?"

"मिळतं. बाहेरून येतं. एकदा वापरायचं आणि फेकायचं. सगळ्याच पेशंटना एका भोकाची गरज असते असं नाही. पण ज्यांना आहे, त्यातल्या इथल्या कुणाला ते परवडणार? पुन्हा पुन्हा वापरता येईल असं बनवा."

मी म्हटलं, बनवतो. तेव्हा मला 'पुन्हा पुन्हा' या दोन शब्दांत काय भरलंय ते कळलं नव्हतं.

दीड वर्ष लागलं. बोटाच्या पेरांसारखे बारीक पोलादी मणी, एकावर एक बसणारे. त्यांतून ओवलेल्या चार तारा. मुठीतून तार ओढली की मान त्या बाजूला वळते. वरून काळं कव्हर, टोकाला चिमट्याचा जबडा. मुंबईच्या एका मोठ्या कारखान्यातला इंजिनीअर मला म्हणाला होता, लेथवाल्याचं हे काम नाही. मी ते वाक्य गाळ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं.

तयार झालेला पहिला नग घेऊन मी पालघरला गेलो. थर्माकोलच्या मासळीच्या पेटीत बकऱ्याचं काळीज ठेवलेलं होतं, खाटकाला सांगून पित्ताच्या पिशवीसकट आणलेलं. झाकणाला एक भोक, आत कॅमेरा, समोर टीव्ही. डॉक्टरांनी हत्यार घातलं, मूठ फिरवली आणि टीव्हीवर त्या मानेने असं वळण घेतलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर लहान मुलासारखे ओरडले, "वळतंय हो! अगदी मनगट!"

सिस्टर मागे हात बांधून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बोंबील हाय हा. कुठंपन वलतो, हाड नाय."

सगळे हसले. मीही हसलो. हसण्यासारखाच दिवस होता. पिशवी निघाली, हत्यार सिस्टरकडे धुवायला गेलं. पिचकारीने पाणी, साबण, बारीक ब्रश, पुन्हा पाणी, हवा. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या. मी डॉक्टरांबरोबर चहा पीत होतो. त्यांनी हत्यार नाकाखाली धरलं, मानेपाशी थांबल्या, पुन्हा हुंगलं.

"मासवण, ह्याला वास हाय."

"नवीन कव्हर आहे सिस्टर. रबराचा असेल."

"रबराचा वास मला कलतो. हा शिला वास हाय. आत काय तरी ऱ्हायलंय."

"आत काही राहूच शकत नाही!"

"मंग कापून दाखव."

माझं डोकं फिरलं. "दीड वर्षाची मेहनत आहे ती, कापायला भेंडी आहे काय? आणि नाकाने काय तपासता? हा काय बाजार आहे?"

सिस्टरनी हत्यार टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर नाही म्हणाल्या तर मला घेता येणार नाही."

मी हत्यार पिशवीत कोंबलं आणि निघालो. बोईसरला पोचेपर्यंत मोटारसायकलवर एकटाच शिव्या देत होतो. गाळ्यात सगळ्यांना जेवायला पाठवलं, दार लावलं आणि ग्राइंडरवर ते हत्यार मानेपासून मुठीपर्यंत उभं चिरलं. तिचं नाक खोटं पाडायचं होतं.

आत, मण्यांच्या सांध्यात, तारांच्या कडेने, तपकिरी घाण बसलेली होती. वाटाणाभरही नसेल. एकाच वापरानंतर, एवढं धुतल्यावर. आता तो वास मलाही आला.

तुकडे भंगारात टाकले. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना फोन करून म्हटलं, डिझाइन थोडं सुधारतोय.

या बाईशी कसा सौदा करायचा ते समजून घ्यावं म्हणून एका रविवारी मी मुद्दाम सातपाटीला गेलो. त्यांची थोरली बहीण तिथे मासळी विकायची. भाव करण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. पोलाद विकणारे मला बघून दुकान आवरतात. पण त्या बाईने पापलेटांचा भाव एकदा सांगितला आणि खाडीतल्या होड्या बघत बसली. मी बोललो, हसलो, उठलो, दहा पावलं जाऊन परत आलो. ती होड्याच बघत होती. शेवटी मी तिचाच भाव कबूल केला तेव्हाही ती 'बरं' म्हणाली नाही. पिशवी घेतली आणि मासळी बांधायला लागली. शेजारच्या गिऱ्हाइकाने मला सांगितलं, "इथं बायका हो म्हणत नाय शेठ. बांधाया घेतलं का सौदा झाला." मग मी 'वर काय?' असं विचारल्यावर तिने न बघता दोन बोंबील टाकले. मी पापलेट घेऊन घरी आलो आणि त्या दिवशी प्रथमच वाटलं की आपली गाठ भलत्याच घराण्याशी पडली आहे.

दुसरा नग झाला. या वेळी मूठ वेगळी निघत होती, नळी वेगळी. नळीच्या कडेला पाणी जोराने सोडण्यासाठी एक लहान तोंडही दिलं होतं. सिस्टरनी ते उघडलं, जोडलं, पुन्हा उघडलं.

"दोन तुकडे होतात," मी अभिमानाने म्हटलं.

"तीन पायजे. जबडा, मान, मूठ. तिन्ही येगले."

"पाण्याची दोन तोंडं देतो."

"तीन तुकडे."

"बरं, मानेवरचं कव्हर निघेल असं करतो. म्हणजे झाले अडीच."

"अर्धा तुकडा कसा धुतात रे?"

डॉक्टरांना हसू आवरेना. मी शेवटचा पत्ता टाकला. लॅबचा रिपोर्ट, शिक्का मारलेला, नळी आतून स्वच्छ असल्याचा. "हे बघा. लॅबने पास केलंय."

"लॅबला नाक हाय?"

"मशीन आहे त्यांच्याकडे! लाखोंचं!"

"कितव्या धुन्यानंतर तपासलं?"

"पहिल्या."

"पहिल्या धुन्याला कोनीपन पास होतंय. मला दहाव्या धुन्याचं सांग."

आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. तिथे होड्याही नव्हत्या, रिक्षा स्टँड होता.

"तुमच्या नाकासाठी मी कारखाना चालवत नाही, सिस्टर!" मी ओरडलो. बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले.

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "मंग कोनासाठी चालवतोस?"

मी रिपोर्ट उचलून निघून आलो. तीन तुकडे करणं शक्य नव्हतं, हे मी सोडा, माझा लेथवालाही सांगत होता. तो उत्तरेकडचा, बारा वर्षं माझ्याकडे. "सेठ, तीन में खोलोगे तो तार ढीला पड़ेगा. फिर मुंडी डोलेगी. पेट के अंदर मुंडी डोलेगी तो डॉक्टर हम को ही काटेगा." तेच खरं होतं. जबडा वेगळा काढायचा तर तारा सोडाव्या लागणार, आणि दर वेळी जोडताना चारही तारांचा ताण तंतोतंत सारखा यायला हवा. तो येत नव्हता. आम्ही प्रयत्न सोडून दिला. दोन तुकड्यांचे दोन नग डॉक्टरांच्या कपाटात पडून राहिले. मुंबईचा एक व्यापारी माझ्यामागे लागला होता. त्याचं एकच म्हणणं होतं: एका तरी डॉक्टराने पेशंटवर वापरलं की पुढचं माझ्याकडे सोपवा.

मग एका दुपारी गाळ्यात उभ्या उभ्या माझ्या पोटात कळ आली. घामाने शर्ट भिजला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि हसले. पित्ताच्या पिशवीत खडे. कधी कधी वाटतं, ते सिस्टरवरच्या रागाने झाले असावेत.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखा योग्य पेशंट मला मिळणार नाही. बेंबीतून एकच भोक. तुमचंच इन्स्ट्रुमेंट, कोरं, पहिल्याच वापराचं, त्यामुळे सिस्टरही अडवणार नाहीत. परवाने, कागद सगळं झालेलं आहे. बोला."

मी बोललो तर खरंच, पण सगळ्या बोईसरला बोललो. एमआयडीसीतल्या शेजाऱ्यांना, मासवणला भावांना, त्या व्यापाऱ्याला. स्वतःच्या हत्याराने स्वतःचं ऑपरेशन करून घेणारा कारखानदार! व्यापारी म्हणाला, मी स्वतः येतो. ऑपरेशनच्या सकाळी तो खाली चहा पीत बसलाही होता.

मी वॉर्डात हिरवा झगा घालून पडलो होतो. पोट रिकामं, हाताला सुई. सिस्टर आल्या. हातात एक ट्रे, त्यात माझी दोन हत्यारं. बायकोला म्हणाल्या, "तू जरा भायेर बस." आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हा नवा हाय," त्या एका हत्याराला बोट लावून म्हणाल्या. "अजून कुठं वापरला नाय. हा तुझ्या पोटात जानार. ह्याला वास नाय, मी बघितलंय. तुला काय भीती नाय."

"मग?"

दुसरं उचललं. "हा त्याचा भाऊ. ह्या दोन म्हयन्यांत मी ह्यानं दहा कालजांच्या पिशव्या काढल्या. पेटीत. दर येली सोताच्या हातानं धुतला. पानी सोडायचं तुझं ते तोंड वापरूनच. आता तू हुंग."

मी हुंगलं. मानेपाशी, तोंडापाशी. मला साबणाशिवाय कसलाही वास आला नाही. तसं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं.

"मला काही येत नाही. तुम्हाला येतो?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. बघता बघताच म्हणाल्या, "तू पयला. आज तुझं झालं का उद्यापासून हा चालू. डॉक्टरांना मग मी नाय म्हनू शकत नाय, आनि ते पन आयकनार नाय. मासवण, दहा धुन्यांनंतरचा अकरावा कोन?"

अकरावा कोण ते मला माहीत होतं. या हॉस्पिटलात येतं कोण? मनोर रस्त्यावरून जीपमध्ये बसून आमच्याकडची माणसं येतात. माझ्या चुलत वहिनीचं ऑपरेशन याच थिएटरात झालं होतं. तिकडे पडून राहिलेल्या माणसाच्या घरी चूल कशी पेटते ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. आणि ग्राइंडरवर चिरलेली ती नळी माझ्या डोळ्यांसमोर आली, कडेने बसलेल्या घाणीसकट.

"सिस्टर," मी म्हटलं, "तो पहिला नग मी घरी नेऊन कापला होता."

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? दुसऱ्याला पानी सोडायचं तोंड केलंस ना. आत काय बघितल्याबिगर उगाच केलंस?"

म्हणजे इतके महिने या बाईला ठाऊक होतं. अडीच तुकड्यांवर मी वाद घालत होतो, लॅबचा शिक्का नाचवत होतो, तेव्हाही ठाऊक होतं. आणि डॉक्टरांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला एवढा राग आला की सुई लावलेला हात मी उचलला. त्या हाताचं काय करायचं ते कळेना. मग तीन बोटं वर केली: तीन तुकडे.

सिस्टर उठल्या, ट्रे उचलला आणि वॉर्डाच्या दारातून ओरडल्या, "डॉक्टर, चार भोकं!"

खाली व्यापाऱ्याला कळलं तेव्हा त्याने चहाचा कपही पुरा केला नाही, असं माझ्या भावाने नंतर सांगितलं. तो पुन्हा आला नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटावर चार पट्ट्या होत्या. सिस्टर डोक्याशी उभ्या. "खडे बघायचे? चनाडालीएवढे हायेत," म्हणाल्या. ही त्यांची सांत्वनाची पद्धत.

डॉक्टरांनी काही आठवडे वजन उचलायला बंदी केली. गाळ्यावर जायची सोय नाही. घरात बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडत होतो. एक दिवस बायको म्हणाली, तोंड चालतंय तर हातही चालू दे, स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय. मी स्टुलावर चढलो. जुना बल्ब दाबला, फिरवला, सोडला. नवा घातला, दाबला, फिरवला. लागला. आणि मी स्टुलावरच उभा राहिलो. होल्डरमध्ये कितीही वेळा बल्ब घाला, आतली स्प्रिंग त्याला दर वेळी तेवढ्याच जोराने दाबते. ताण बल्बवाल्याच्या हातात नसतो, तो होल्डरमध्ये असतो.

तारा सोडायच्याच नव्हत्या. त्या चारही तारांची टोकं एका लहान चकतीत पक्की करायची आणि ती चकती मुठीत बल्बसारखी बसवायची. दाब, फिरव, सोड. जबड्याचा दांडा मधून सरळ बाहेर. बायको खालून विचारत होती, "उतरताय का चक्कर आली?" मी तिथूनच लेथवाल्याला फोन लावला. तो सगळं ऐकून म्हणाला, "सेठ, ऑपरेशन पेट का हुआ कि दिमाग का?"

चार महिने गेले त्यात. चकतीचं माप केसभर चुकलं तरी मान डुलायची. पण झालं. मूठ, मान, जबडा. तीन तुकडे. मासवणच्या, लेथखालचा कीस झाडलेल्या माणसाने केलं. भिंतीवरचं ते खडूचं वाक्य मी पुसलं नाही. त्याच्या शेजारी हत्याराचा नंबर लिहिला.

या वेळी मी पहिल्या धुण्याला गेलोच नाही. नग पाठवून दिला आणि सांगितलं, दहाव्याला बोलवा. मध्ये एकदाही फोन केला नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा.

दहाव्या धुण्याच्या दिवशी गेलो तेव्हा टेबलावर पांढऱ्या फडक्यावर तिन्ही तुकडे ओळीने मांडलेले होते. डॉक्टर एका कोपऱ्यात उभे होते, परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखे. सिस्टरनी जबडा उचलून हुंगला. ठेवला. मूठ हुंगली. ठेवली. मग मान घेतली. खालून, वरून, मण्या-मण्याला वळवून. डोळे मिटले. पुन्हा सुरुवातीपासून. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येत होता.

ठेवली. आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

माझ्या तोंडात शिवी आली होती. देव जाणो कशी गिळली. रिक्षा स्टँडवर एक रिक्षा भरून निघाली, दुसरी आली.

मग सिस्टर वळल्या. कपाटातून निर्जंतुक करायच्या हत्यारांना गुंडाळतात तो हिरवा कपडा काढला. टेबलावर उलगडला, कोपरे सारखे केले. तिन्ही तुकडे एकेक करून त्यात ठेवले आणि बांधायला लागल्या.

डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय म्हणाल्या? पास का नापास?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही सातपाटीच्या बाजारात कधी गेलेले दिसत नाही."

गाठ मारून झाल्यावर सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "वर काय देतोस?"

"वर?"

"लांब दांड्याचा ब्रश. ह्या नलीत शेवटपावेतर जाईल असा. दर पेटीत एक. फुकट."

मी आयुष्यात कुणाला काही फुकट दिलेलं नाही. पण गाठ मारली गेली होती.

'चांगलं झालंय' हे शब्द त्या बाईने त्या दिवशी उच्चारले नाहीत, निवृत्तीच्या समारंभात नाहीत, आजतागायत नाहीत. गेल्या रविवारी सातपाटीला भेटल्या, गजऱ्यासकट. मी म्हटलं, आता आपलं हत्यार कुठे कुठे जातं ते ऐका. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "ब्रश घालतोस ना?" माझा राग आहे तो हा. तो राहणार.

ब्रश घालतो. प्रत्येक पेटीत असतो. नवा व्यापारी गाळ्यात येऊन बसला की भाव करता करता तिथेच अडतो. म्हणतो, शेठ, ब्रश आमचा आम्ही घेऊ, तो काढा आणि तेवढी किंमत खाली आणा. पूर्वी मी अशा माणसाशी तासभर भांडलो असतो. आता भाव एकदा सांगतो आणि खिडकीबाहेर बघतो.